'आमच्या घरी तसं वातावरणच नाही जी'

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "तिचे आईबाबा दोघंही डॉक्टर आहेत ना!" आम्ही नाही, हे त्यातलं न बोललेलं.

सक्करदऱ्याच्या एक ताई मात्र तेही बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्या डबे करतात, नवरा ट्रकवर. मुलगा आठवीत, गणितात काठावर पास.

"मोठ्या लोकायच्या घरी लहानपणापासूनच वळण असते जी मॅडम. आमच्या घरी दहावी कोणी पाहिलीच नाही. मी चारला उठून कणीक मळते, याच्याजवळ बसू केव्हा? हा पोट्टा मोबाइलच पाहून राहते."

घराचा परिणाम होत नाही, असं मी म्हटलं नाही. खोटं ठरलं असतं. एवढंच म्हटलं की दिव्याच्या घरी मोठ्या बहिणीने बॅडमिंटन धरलं, हिने बुद्धिबळ, आईबाबा तेच. मग बाबासाहेबांचं सांगितलं. पाच-सहा वर्षांचे असतानाच आई भीमाबाई गेल्या, आत्या मीराबाईंनी सांभाळलं. पुढे परळच्या चाळीत सगळ्यांना मिळून एकच खोली. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले, तर लेकीकडे जाऊन तिचा दागिना गहाण टाकायचे.

ताई म्हणाल्या, "पण ते शिकलेले होते न."

बरोबर पकडलं त्यांनी. रामजींनी लष्करी शाळेत शिकवलं होतं. मी गप्प बसले. दाखला पुरा पडत नसेल तर ताणू नये, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मुलाला विचारलं, संध्याकाळी काय करतोस? "डब्याचा हिशोब," तो खाली बघत म्हणाला. पुढच्या खेपेला वही घेऊन ये म्हटलं.

वही दोनशे पानी, कोपऱ्यांवर तेलाचे डाग. प्रत्येक दिवसाचं एक पान. एकतीस डबे, त्यातले तीन बिनातिखट, दोन फक्त पोळ्यांचे. सुट्टीवर गेलेल्यांच्या नावापुढे लाल फुली आणि महिन्याअखेर तेवढे पैसे वजा. एका ठिकाणी किराणा दुकानदाराच्या बिलातली 140 रुपयांची चूक गोल करून ठेवलेली. शाळेच्या गणितात काठावर असलेल्या मुलाची वही!

"हे मी नाही शिकवलं जी," ताई घाईने म्हणाल्या.

मुलगा पहिल्यांदाच चिडला. "मंग कोणी शिकवलं? तूच त बोलत राहते पोळ्या लाटता लाटता. मी लिहितो."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलले नाही, बोलायचं काम झालं होतं. गणिताच्या सरांना ही वही दाखवायची, एवढं ठरवून आम्ही उठलो.

रात्री साडेनऊला ताईंचा फोन. मला वाटलं, घरी काही झालं.

"मॅडम, वही तुमच्याकडंच राहिली काय? उद्या कोणाकोणाचा डबा बंद आहे, त्यातच लिहून आहे न!"