जुन्या गाडीच्या इंजिनाचा वॉटर पंप, रेडिएटर, होज आता कुठे शोधायचे?

गाडीच्या मॉडेलवरून शोधू नका, इंजिनावरून शोधा. तेच इंजिन बऱ्याचदा व्हॅनमध्ये, ट्रॅक्टरमध्ये किंवा बोटीतही बसवलेलं असतं आणि त्यांचे पार्ट अजून मिळू शकतात. इंजिन नंबर, ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा) कास्टिंग नंबर आणि जुन्या पार्टवरचा नंबर, तिन्ही लिहून घ्या.

नवा वॉटर पंप मिळाला नाही तरी जुना फेकू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. बॉडी शाबूत असेल तर बेअरिंग, सील आणि गरज पडल्यास शाफ्ट बदलून तो पुन्हा चालू होतो. मापं नीट घेतली की बेअरिंग आणि सील जुळवता येतात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरचंही तेच: वरची-खालची टाकी मूळ ठेवून मधला कोर (नळ्या आणि जाळीचा भाग) नवा बसवतात. ॲल्युमिनियमचा नवा घेण्यापेक्षा मला हेच पटतं, गाडीचं मूळ रूप टिकतं.

होज आतला व्यास आणि बाक पाहून घ्या. थर्मोस्टॅटचा (ठराविक तापमानाला पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचा) व्यास आणि उघडण्याचं तापमान जुळवा.

रेडिएटर कॅप मात्र जपून. ती किती दाब धरते ते पीएसआयमध्ये मोजतात, आणि अनेक जुन्या गाड्यांना ४ किंवा ७ पीएसआयची लागते. नव्या गाडीची १५ पीएसआयची कॅप बसली म्हणून लावलीत, तर वाढलेल्या दाबाने रेडिएटरचे जुने डाग दिलेले (सोल्डर केलेले) सांधे उकलू शकतात.