पहिली मॅक्रो लेन्स: ९० ते १०५ मिमीचीच घे

मॅक्रो म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपायची लेन्स. त्यात ६० मिमी फोकल लेंथची स्वस्त आणि हलकी असते, पण कोकणात फिरणार असशील तर ९० ते १०५ मिमीचीच घे. मुद्दा अंतराचा आहे. एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाची उमटेल अशी टिपायला ६० मिमीचं तोंड १० सेंटीमीटरच्या आत न्यावं लागतं. १०० मिमीला साधारण १४-१५ सेंटीमीटर मिळतात. खाडीकाठच्या चिखलातला एका मोठ्या नांगीचा खेकडा सावली पडली की बिळात गेलाच! चतुरही तसेच.

पावसात रत्नागिरीच्या कातळसड्यावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची रोपं शोध. पानावरच्या एकेका केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यात अडकलेलं चिलट. तिथे पोटावर झोप, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११ ठेव, ऑटोफोकस बंद कर आणि कॅमेराच किंचित पुढेमागे करत फोकस साध. स्टॅबिलायझेशनसाठी, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीसाठी, जास्तीचे पैसे मोजू नकोस. इतक्या जवळून त्याचा फायदा कमीच, आणि वाऱ्याने पान हलत असेल तर काहीच नाही. तेच पैसे फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूजरवर घाल.

जुनी लेन्स घ्यायला हरकत नाही, फक्त टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघ. आपल्या दमट हवेत ही फार लवकर धरते, म्हणून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबतच ठेव.