पुणे विद्यापीठाच्या परिसरात नवीन पुस्तकं आणि लेखकांची व्याख्यानं कुठे ऐकायला मिळतात, आणि जाण्यात खरंच अर्थ असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लातूरहून इतिहासात एम.ए. करायला आलात, पहिल्याच महिन्यात दोन प्रकाशन समारंभांना हजेरी लावली आणि दोन्हीकडे पुस्तक सोडून बाकी सगळ्याबद्दल ऐकून परत आलात. नशीबवान आहात. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

मी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं नोकरी केली. त्यामुळे प्रकाशन समारंभ मी समोरून कमी आणि मागून जास्त पाहिले. खुर्च्या मोजणे, विक्रीचं टेबल लावणे, शाली इस्त्री केलेल्या आहेत ना ते बघणे आणि चमकत्या कागदात पाच प्रती बांधून वर रिबन लावणे ही माझी कामं. एका वर्षी बाइंडरने प्रती दिल्याच नाहीत. पाहुणे येऊन बसलेले, निवेदिका तिसऱ्यांदा माइक तपासतेय, आणि प्राचार्य माझ्याकडे बघतायत. मी आत गेलो, बाद करण्यासाठी बाजूला काढलेल्या अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतली त्याच आकाराची पाच उचलली, मुखपृष्ठाच्या प्रिंट डकवल्या आणि बांधून दिली. मंचावर रिबिनी सुटल्या, सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरली, फोटो झाले. मग एका वक्त्यांनी त्या पुस्तकावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. सुरुवातच अशी, की "काल रात्री हातात घेतलं आणि एका बैठकीत संपवलं." हातात घ्यायला एकही प्रत तेव्हा अस्तित्वात नव्हती! लेखक बिचारा खाली मान घालून बसला होता.

म्हणून प्रकाशन समारंभ वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो कुटुंबाचा सोहळा असतो. लेखकाची आई पहिल्या रांगेत असते, गावाकडून गाडी करून माणसं आलेली असतात. बारशाला गेल्यावर मुलाची बुद्धिमत्ता तपासत नाहीत, तसंच हे. फक्त तिथे पुस्तक समजेल ही अपेक्षा ठेवू नका. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, प्रकाशन, दोन भाष्यकार, अध्यक्षीय समारोप या सगळ्यातून लेखकाच्या मनोगताला दहा मिनिटं उरतात आणि प्रश्नोत्तरं "वेळेअभावी" गळतात. शेवटी चहा मात्र कधी चुकत नाही.

आता विद्यापीठांच्या आसपास इतके समारंभ का होतात तेही समजून घ्या, म्हणजे निवड करता येईल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण दिलेले आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाकडून पुस्तक आलं की १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून आलं की १२, संपादित ग्रंथात एक प्रकरण लिहिलं की ५. नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी हा हिशोब मांडला जातो. सरळ माणसालाही मार्चअखेर पुस्तक काढण्याची घाई होते ती यामुळे. चर्चासत्रातले निबंध आले तसे छापलेले, प्रस्तावना पान-दीड पान, आणि मागच्या कव्हरवर आयएसबीएन ठसठशीत, असं पुस्तक दिसलं की समजा, ते वाचकासाठी काढलेलं नाही. आयएसबीएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का आहे असा समज आमच्याकडे इतका घट्ट होता की विद्यार्थी मला विचारायचे, "सर, हे आयएसबीएनवालं आहे का?" अहो, तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा नुसता नंबर आहे. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. गाडी चालते की नाही, ते नंबरवरून कळत नाही.

मग जायचं कुठे? माझं उत्तर जरा उलटं आहे. पुस्तक आल्यावर नको, येण्याआधी जा. विद्यापीठात राहण्याचा खरा फायदा हाच की इथे पुस्तकं कच्ची असताना ऐकायला मिळतात. शहरातल्या वाचकाला पक्की प्रत मिळते. तुम्हाला त्याआधी विभागातल्या वीस खुर्च्यांच्या खोलीत लेखक अडखळताना दिसू शकतो.

ही चाल नवी नाही. रा. गो. भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली १८७७ साली. संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवरची ही व्याख्यानं ग्रंथरूपात आली १९१४ साली. मध्ये सदतीस वर्षं! ज्यांनी ती कानांनी ऐकली त्यांच्यातल्या कित्येकांची मुलं तोवर पदवीधर झाली असतील. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला आणि आज त्याच्या पुस्तिका कुठल्याही स्टॉलवर मिळतात. त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्यांना वाटलं असेल, एक विद्यार्थी निबंध वाचतोय.

पुण्यातलंच सांगतो. गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेची काळे स्मृती व्याख्यानमाला आहे. २९ जानेवारी १९३९ला गोखले हॉलमध्ये त्या मालेत आंबेडकर बोलले, विषय होता १९३५च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य. नंतर ते पुस्तिका म्हणून आलं. तिच्या प्रास्ताविकात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की भाषण दिलेल्या वेळेच्या मानाने फार लांबलं होतं, म्हणून संघराज्याची रचना आणि तिच्यावरची टीका या दोन्ही भागांतला काही मजकूर वाचताना गाळावा लागला, आणि छापील पुस्तिकेत मूळचं सगळं आहे. हे मी जेव्हा वाचलं तेव्हा मला व्याख्यान ऐकण्याची किल्लीच सापडली. वक्त्याने काय गाळलं? कधी व्याख्यानात गाळलेलं पुस्तकात येतं, कधी तोंडी सांगितलेलं पुस्तकात येत नाही. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो, आणि तो फक्त तिथे बसलेल्याला मिळतो.

माझ्यापुरतं याचं एक उदाहरण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलीची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा होती. अठराव्या शतकातल्या एका कसब्याच्या बाजारपेठेचा हिशोब, सगळा मोडी कागदांवरून. खोलीत आम्ही अकरा माणसं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचं चौथं प्रकरण १८०२वर एकदम थांबतं. का?" ती म्हणाली, "सर, मी थांबले नाही, कागद थांबलेत." ऑक्टोबर १८०२मध्ये हडपसरची लढाई होऊन होळकरांनी पुणं घेतलं, पुढे १८०३-०४चा दुष्काळ पडला, हे आपण पुस्तकात वाचतो. ती सांगत होती ते वेगळं होतं. पुरालेखागारात कुठला रुमाल मागवला, तो सोडल्यावर आत काय होतं आणि काय नव्हतं. कारकुनाचं अक्षर बदललेलं कुठे दिसलं. जकातीच्या नोंदी आधी विरळ कशा होत गेल्या आणि मग नुसत्या तारखा, पुढे रकमाच नाहीत. चाळीस मिनिटं बोलली. परीक्षक लिहायचं थांबले होते. (रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, हे इतिहासवाल्या तुम्हाला सांगायला नको.)

चार वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. छान झालं. प्रकाशनाला मी मुद्दाम गेलो. दोन्ही वक्ते आपल्या उज्ज्वल वारशावर बोलले. घरी येऊन चौथं प्रकरण उघडलं, तर त्या चाळीस मिनिटांची एक तळटीप झाली होती: "१८०२ नंतरचे कागद उपलब्ध नाहीत." तिला फोन केला तर हसली. म्हणाली, "काका, प्रकाशक म्हणाले वाचकाला यात रस नसतो."

तेव्हा तुमच्या यादीत सगळ्यात वर पीएच.डी.ची खुली मौखिक ठेवा. यूजीसीच्या नियमानुसार ती खुलीच असते. प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी बसू शकतात. तरी एम.ए.चे विद्यार्थी म्हणून तुम्ही आधी मार्गदर्शकांना किंवा विभागप्रमुखांना विचारा. माझ्या अनुभवात कुणी नाही म्हणत नाही, उलट खुर्च्या भरल्या तर त्यांना बरंच वाटतं. तारीख विभागाच्या फलकावर लागते, साध्या ए-फोर कागदावर, दोन ड्रॉइंग पिनांनी. त्या कागदाकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघा. आणि नंतर तोच प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो, तिथे तो पूर्ण वाचता येतो. ऐकलेलं आणि लिहिलेलं ताडून बघण्याची सवय लागली तर दोन वर्षांत तुमचं स्वतःचं लिखाण सुधारेल.

त्याखालोखाल नियतकालिकं. 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांत जे लेख येतात त्यातले बरेच पुढे पुस्तकाची प्रकरणं होतात. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून चालू अंक चाळा. लेखक कुठे बोलणार आहे असं दिसलं की लेख वाचून जा. वाचून गेलेला श्रोता वक्त्याला लांबून ओळखू येतो, त्याची मान वेगळ्या ठिकाणी हलते.

जयकरांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. विद्यापीठ १९४९चं, आणि बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. विद्यापीठाचं बहि:शाल शिक्षण मंडळ त्यांच्या नावाने महाविद्यालयांमधून व्याख्यानमाला चालवतं. पुण्यातल्या लोकांना हिचा पत्ता नसतो, कारण ती मुख्यतः तालुक्याच्या गावी रंगते. मी तिथे असे वक्ते ऐकलेत की ज्यांना पुण्यात सभागृह भरवणं जमलं नसतं, पण समोर दुसऱ्या वर्षाची शंभर मुलं आणि बाहेर एसटीची वेळ, अशा बेतात ते पंचेचाळीस मिनिटांत पुस्तकाचा गाभा काढून देत. तुमच्या ओळखीचं कोणी नगर, नाशिककडच्या कॉलेजात असेल तर विचारून ठेवा.

शहरातलं म्हणाल तर वसंत व्याख्यानमाला आहेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात. नेमक्या तुमच्या परीक्षा तेव्हाच असतात, ते रानड्यांना विचारलं पाहिजे. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३पासून, नॅशनल बुक ट्रस्टचा. तिथे पुस्तकं घ्या, भेळ खा. लेखक निवांत भेटेल ही आशा नको, गर्दी जत्रेची असते. बाकी रोजच्यासाठी वर्तमानपत्रांच्या पुणे आवृत्तीतली 'आजचे कार्यक्रम' ही चौकट अजूनही व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा भरवशाची आहे.

प्रश्न विचारायचा संकोच वाटतो असंही तुम्ही लिहिलंय. मला विचाराल तर सभागृहात विचारूच नका. आभार झाले की सगळे चहाकडे वळतात, तेव्हा लेखक पाच मिनिटं एकटा सापडतो, पिशवीत हारतुरे कोंबत असतो. जवळ जा आणि एवढंच विचारा: "सर, यातून काय काढावं लागलं?" मॅडम असतील तर मॅडम. मी हा प्रश्न कितीतरी जणांना विचारला असेल. एकदोघं "काही नाही" म्हणाले. बाकीच्यांना थांबवायला मला घड्याळ दाखवावं लागलं. एका गृहस्थांनी तर तिथेच पायरीवर बसून काढलेल्या प्रकरणाचं टाचण माझ्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून दिलं. ती पत्रिका मी त्यांच्या पुस्तकाच्या आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीत ठेवली होती. निवृत्तीच्या आदल्या दिवशी जाऊन पाहिलं, तर पुस्तक कुणीतरी घरी नेलेलं होतं आणि तीन महिन्यांची मुदत उलटून गेली होती. दंड मी माफ करून आलो.

पुस्तक लगेच विकत घेणं परवडत नसेल तर स्टॉलवर मान खाली घालून फिरू नका. ग्रंथालयात खरेदीची शिफारस करता येते. विभागातल्या एका प्राध्यापकांची सही घ्या आणि पूर्ण तपशील द्या, प्रकाशक, वर्ष, किंमत. "तो नवीन निळ्या कव्हरचा ग्रंथ" एवढ्यावर आमच्यासारख्यांचं काही चालत नाही.

पुढच्या आठवड्यापासून विभागाच्या फलकाकडे बघत जा. आणि शहरात साडेपाचचा कार्यक्रम असेल तर विद्यापीठातून पावणेपाचला निघा. कार्यक्रम सहाला सुरू होईल, पण गणेशखिंड रस्त्याचं तसं काही ठरलेलं नसतं.