शिक्रा ‘बॅडियस’चा ‘बॅडिया’ कसा झाला, आणि बहिरी ससाणा बहिरा असतो का?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका ताईंनी तीन शंका विचारल्या आहेत. त्यांच्या मंडळाच्या वाचनालयात मुलांसाठी शिकारी पक्ष्यांचा एक फलक लावायचा आहे. सिरपूर तलाव, यशवंत सागर आणि चोरलच्या घाटात दिसणाऱ्या पक्ष्यांची मराठी नावं, आणि खाली शास्त्रीय नावं. यादी करताना त्या अडल्या. जुन्या पुस्तकात शिक्र्याचं नाव ‘ॲक्सिपिटर बॅडियस’ आहे आणि नव्या यादीत ‘टॅकिस्पायझा बॅडिया’. पहिलं पद बदललं हे एक वेळ समजतं, पण ‘बॅडियस’चं ‘बॅडिया’ ही छपाईची चूक का? दुसरं, आपल्या साध्या घारीच्या शास्त्रीय नावात ‘गोविंदा’ कुठून आला, लॅटिन नावात आपले शब्द चालतात का? आणि तिसरं, बहिरी ससाणा खरंच बहिरा असतो का?

ताई, बॅडिया ही चूक नाही, व्याकरण आहे. मराठी माणसाला ते चटकन कळावं, कारण आपण रोज तेच करतो.

शास्त्रीय नावाचं पहिलं पद प्रजातीचं आणि दुसरं जातीचं. (इंदुरात इथे हमखास घोटाळा होतो. मराठी परिभाषेत प्रजाती हा मोठा गट आणि जाती त्याच्या पोटातली. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द बहुतेक वेळा आपण जिला जाती म्हणतो तिच्यासाठी वापरतात. फलकावर मराठी मजकूर हिंदीवरून घेतलात तर एवढं सांभाळा.) पहिलं पद नाम असतं आणि लॅटिनमध्ये त्याला लिंग असतं. दुसरं पद विशेषण असेल तर त्याला पहिल्याच्या लिंगाप्रमाणे वागावं लागतं. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर. तसं पुल्लिंगी बॅडियस, स्त्रीलिंगी बॅडिया, नपुंसकलिंगी बॅडियम. अर्थ एकच, तांबूस-बदामी रंगाचा. १७८८ साली ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने या पक्ष्याला ‘फाल्को बॅडियस’ म्हटलं. फाल्को पुल्लिंगी, म्हणून बॅडियस. पुढे पक्षी ॲक्सिपिटर प्रजातीत गेला, तीही पुल्लिंगी, म्हणून शेपूट तसंच राहिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की ॲक्सिपिटर नावाखाली एकत्र ठेवलेले सगळे पक्षी एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. ती प्रजाती फोडण्यात आली आणि शिक्रा टॅकिस्पायझात आला. टॅकिस्पायझा स्त्रीलिंगी, म्हणून आता बॅडिया. याचं आणखी एक ठळक उदाहरण बोनेलीच्या गरुडाचं. तो ‘हिएराएटस’ प्रजातीत होता तेव्हा फॅसिएटस होता, ‘अक्विला’त आल्यावर फॅसिएटा झाला.

मराठीत ‘लाल’ बदलत नाही: लाल घोडा, लाल गाय. लॅटिनमध्येही तिन्ही लिंगांत सारखीच राहणारी विशेषणं आहेत. घारीच्या ‘मिल्वस मायग्रान्स’मधलं मायग्रान्स, म्हणजे स्थलांतर करणारा, हे त्यातलंच. पिंगट गरुडाच्या ‘अक्विला रेपॅक्स’मधलं रेपॅक्स, म्हणजे झडप घालून ओरबाडणारा, हेही तसंच. आणि दुसरं पद विशेषण नसून नाम असेल, मग ते कुठल्याही भाषेतलं असो, तर प्रजाती कितीही वेळा बदलली तरी त्याला कुणी हात लावत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

शास्त्रीय नावांना आपण सरसकट लॅटिन नावं म्हणतो. त्यांचं व्याकरण लॅटिन आहे हे खरं, पण शब्द कुठूनही येऊ शकतो. प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. त्यानंतर युरोपीय लोक आपल्याकडे येऊन पक्ष्यांची वर्णनं छापू लागले. तेव्हा त्यांच्या कानावर नावं पडत होती ती इथल्या बाजदारांची (शिकारीसाठी बाज-ससाणे पाळणाऱ्यांची), चिडीमारांची आणि गावकऱ्यांची. त्यातली बरीच त्यांनी जशी ऐकली तशी रोमन लिपीत बसवली.

गोविंदाची गोष्ट तर थेट मराठी मुलखातली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर होता. पुणे आणि आसपासच्या मुलखात त्याने पक्षी गोळा केले आणि १८३२ साली लंडनला दख्खनच्या पक्ष्यांची सूची छापली. तिथे त्याने इथल्या घारीला ‘मिल्वस गोविंदा’ हे नाव दिलं. नंतर ती जगभर पसरलेल्या मिल्वस मायग्रान्सचीच एक उपजाती ठरली. म्हणून राजवाड्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीचं पूर्ण नाव आज ‘मिल्वस मायग्रान्स गोविंदा’ असं आहे. मिल्वस म्हणजे लॅटिनमध्ये घारच.

इंदूरकरांना याहून जवळची नावं जेम्स फ्रँकलिन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे सापडतील. गंगेकाठी कलकत्ता ते बनारस आणि पुढे विंध्याच्या डोंगरांतून नर्मदेकडच्या गढा-मंडल्यापर्यंत जमवलेल्या पक्ष्यांची वर्णनं त्याने १८३१ साली छापली. आपला चोरल-पाताळपाणीचा विंध्य त्या वाटेवर नव्हता, त्याचा पूर्वेकडचा भाग होता. पण पर्वत तोच. त्यातल्या पिंगट गरुडाला फ्रँकलिनने ‘विंधियाना’ म्हटलं. आज ते उपजातीचं नाव आहे: अक्विला रेपॅक्स विंधियाना, विंध्याचा गरुड. त्याच लेखात तीसा आहे. पांढऱ्या डोळ्यांचा हा मध्यम आकाराचा पक्षी माळव्याच्या उघड्या रानात बांधावर किंवा तारेवर बसलेला दिसतो. हिंदीत त्याला तीसा म्हणतात आणि फ्रँकलिनने तेच नाव उचललं. पुढे हॉजसन या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने ‘बुटेओ’ आणि ‘आस्टर’ या दोन जुन्या नावांचा सांधा जोडून ‘ब्युटास्टर’ ही प्रजाती उभी केली. प्रजातीचं पद असं बदललं, पण तीसा तीसाच राहिला, कारण ते नाम आहे.

सर्पगरुडाचं नाव ‘स्पायलॉर्निस चीला’. स्पायलॉर्निस ग्रीक, अर्थ ठिपक्यांचा पक्षी. आणि चीला म्हणजे आपली रोज ऐकण्यातली हिंदी चील. लेथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १७९० साली हे नाव दिलं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे फोड करून सांगावं लागतं, पण इंदुरात घरात घार आणि गल्लीत चील असे दोन्ही शब्द मुलांच्या तोंडी असतात. त्यामुळे तुमच्या फलकापुढे एखादं मूल नक्की विचारेल की चील तर घार आहे, मग गरुडाला चीला का म्हटलं. प्रश्न रास्त आहे. घारीचं लोकनाम गरुडाला चिकटलं आणि शास्त्रीय नावांचा नियम असा की नाव अर्थाने चुकीचं आहे म्हणून बदलता येत नाही.

अशी अदलाबदल आणखी आहे. लाल डोक्याच्या छोट्या ससाण्याला आपण तुरुमती म्हणतो. त्याचं शास्त्रीय नाव ‘फाल्को चिकेरा’. हे चिकेरा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून शिकरा! लव्हाइयां या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ऐकलेला शब्द फ्रेंच वळणाने लिहिला आणि १८०० साली दोदँने तो शास्त्रीय नावात घेतला. म्हणजे शिक्र्याचं नाव तुरुमतीकडे गेलं आणि शिक्र्याच्या वाट्याला नुसता बदामी रंग आला. लग्गर ससाण्याचं ‘फाल्को जग्गर’ हेही बाजदारांच्या बोलीतलं. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी आणि नर लहान, त्यामुळे बाजदार दोघांना वेगळी नावं देत. मादी बाज तर नर जुर्रा, मादी लग्गर तर नर जग्गर. मराठी-हिंदी नाव मादीवरून राहिलं, शास्त्रीय नाव नरावरून पडलं.

गावांची नावंही यात आहेत. इंदूरच्या आसपासच्या कड्यांवर दिसणारं पांढरं गिधाड घ्या. त्याच्या भारतीय उपजातीचं नाव ‘जिंजिनियानस’, म्हणजे जिंजीचं. १६८९ साली राजाराम महाराज ज्या किल्ल्याच्या आश्रयाला गेले तीच ही जिंजी. सोनेरा हा फ्रेंच प्रवासी त्या भागात फिरला आणि त्याने या गिधाडाचं वर्णन जिंजीचं गिधाड असं केलं. लेथमने १७९० साली त्याचं लॅटिनीकरण केलं. मराठी मुलांना हे नाव मुद्दाम सांगावं असं मला फार वाटतं.

आता खरोखरच्या ग्रीक-लॅटिन नावांकडे वळू, कारण तिथेही आपली ओळख निघते. ‘ॲक्सिपिटर’चा संबंध रोमन लोक पकडणे या अर्थाच्या क्रियापदाशी लावत. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्यामागे ‘वेगवान पंखांचा’ असा जुना सामासिक शब्द मानतात आणि त्याच्या शेजारी संस्कृतातला ‘आशुपत्वन्’ ठेवतात. आशु म्हणजे वेगाने, पत् म्हणजे उडणे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, सोम आणणाऱ्या श्येनाच्या, म्हणजे बाजाच्या, सूक्तात, श्येनाला हेच विशेषण आहे: ‘प्र श्येनः श्येनेभ्य आशुपत्वा’. रोमन बाज आणि वैदिक श्येन यांना एकाच घडणीचं विशेषण मिळालेलं पाहून मला आजही रोमांच उभे राहतात. त्याच पत् धातूच्या कुळातला ग्रीक ‘प्टेरॉन’, म्हणजे पंख. पांढऱ्या गिधाडाच्या ‘पर्क्नॉप्टेरस’मध्ये, म्हणजे काळपट पंखांच्या, तो आहे आणि हेलिकॉप्टरमध्येही आहे. शिक्र्याच्या नव्या टॅकिस्पायझातही पहिला भाग वेगाचाच: वेगवान बाज. प्रजाती बदलली, तरी शिक्र्याच्या वेगाचा उल्लेख नावातून गेला नाही.

‘फाल्को’चा संबंध परंपरेने लॅटिन ‘फाल्क्स’ म्हणजे विळा या शब्दाशी जोडतात, वाकड्या नख्यांमुळे. हिवाळ्यात सिरपूरच्या गवतावरून हलके तरंगत जाणाऱ्या भोवत्यांची प्रजाती ‘सर्कस’. ग्रीकमध्ये ‘किर्कॉस’ हा एका शिकारी पक्ष्याचा शब्द आणि वर्तुळाचाही. मराठीतला भोवत्या भोवणे या क्रियापदावरून आला. दोन्ही भाषांच्या लोकांनी पक्ष्याचं तेच फिरणं पाहिलं.

यशवंत सागरावर हिवाळ्यात मासे धरायला येणाऱ्या ऑस्प्रेचं नाव ‘पँडिऑन हॅलिएटस’. हॅलिएटस म्हणजे समुद्राचा गरुड. पँडिऑन हा ग्रीक पुराणांतला अथेन्सचा राजा. त्याचा मुलगा नायसस मेगाराचा राजा होता. त्याच्या डोक्यावर एक जांभळी बट होती आणि ती असेपर्यंत त्याचं राज्य अजिंक्य होतं. शत्रू मिनॉसवर भाळलेल्या त्याच्या मुलीने, स्किलाने, ती बट कापून दिली. राज्य गेलं, नायससचा समुद्रगरुड झाला आणि पक्षी झालेल्या मुलीचा तो पाठलाग करत राहिला. लिनियसने नायसस हे नाव युरोपातल्या चिमणीमार बाजाला दिलं: ‘ॲक्सिपिटर नायसस’. १८०९ साली साविन्यीने ऑस्प्रेसाठी वेगळी प्रजाती काढली तेव्हा तिला बापाचं नाव दिलं. कथेप्रमाणे पाहिलं तर समुद्रगरुड झाला तो मुलगा. नावांत समुद्रगरुड आहे तो बाप.

तिसरी शंका. बहिरी ससाणा बहिरा नसतो. ‘बहिरा’ हा आपला शब्द संस्कृत बधिर, प्राकृत बहिर असा आलेला. ससाण्याचा ‘बहिरी’ बाजदारांच्या फारसीतून आला. त्याचं मूळ रूप ‘बहरी’, अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, म्हणून बहरी म्हणजे समुद्राकडचा. बहरीन या देशाच्या नावात तोच बहर आहे. मराठीने मधला स्वर आपल्या सवयीने भरला आणि दोन वेगळे शब्द एकसारखे दिसू लागले. शास्त्रीय नाव ‘फाल्को पेरेग्रिनस’, १७७१ साली टन्स्टलने दिलेलं. पेरेग्रिनस म्हणजे परमुलखातून फिरत आलेला. घरट्यातून काढलेल्या पिल्लापेक्षा प्रवासात असताना पकडलेला पक्षी युरोपातल्या बाजदारांना अधिक माहीत होता, त्यावरून हे नाव. इथेच राहणारा, गडद रंगाचा, तो शाहीन. हाही फारसी शब्द.

फलकाबद्दल एवढंच सुचवतो. देवनागरीत लिहिताना ॲक्सिपिटर, सर्कस असे रूढ इंग्रजी वळणाचे उच्चार ठेवायला हरकत नाही. रोमन लोक ‘अक्किपिटर’ म्हणत, पण मुलांना पुढे पुस्तकांत रूढ उच्चारच भेटतील. मात्र जे शब्द मुळात आपले आहेत ते रोमन स्पेलिंगवरून पुन्हा मराठीत आणू नका. रोमन अक्षरं वाचून ‘टीसा’, ‘चेला’, ‘गोविन्डा’, ‘गिंगिनियानस’ लिहिलेलं मी छापील पत्रकांवर पाहिलं आहे. तीसा, चीला, गोविंदा, जिंजिनियानस, विंधियाना असंच लिहा. शिक्र्यापुढे टॅकिस्पायझा बॅडिया लिहून खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचं नाव ॲक्सिपिटर बॅडियस’ अशी ओळ द्या, कारण वाचनालयातली जुनी पुस्तकं अजून बरीच वर्षं वाचली जातील. बहिरी ससाण्याच्या नावापुढे कंसात ‘बहरी’ लिहिलंत, तर मुलं तो प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत.