हायडेलबर्गला येतेस, तर पेपर लाव

अगं, व्हिसा आणि पत्त्याची नोंदणी सरकारी साइटवर नीट दिलीय, ते पुन्हा सांगत नाही. फक्त लग्नात तुझं नाव बदललं असेल तर जुन्या-नव्या नावाचे कागद निघण्याआधीच जमव. मुलाच्या जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची मी एकच, हे पटवण्यात माझे चार महिने गेले.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंयस, जर्मन सुधारायला तिथला पेपर लावू का? लाव. राइन-नेकार-त्साइटुंग, हायडेलबर्गचं दैनिक. पहिला अंक ५ सप्टेंबर १९४५ चा. नाझी काळातल्या पेपरांच्या मालक-संपादकांना अमेरिकन लष्कराने बाजूला ठेवलं आणि परवाना दिला तो तीन तऱ्हेच्या तिघांना मिळून: उदारमतवादी थेओडोर हॉइस, सोशल डेमोक्रॅट हेर्मान क्नोर आणि कम्युनिस्ट रुडोल्फ आग्रिकोला. आधीच कागदाची टंचाई, त्यात हे त्रिकूट! हॉइस १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. हे सगळं खालच्या मजल्यावरच्या आजींकडून कळलं. कालचा पेपर त्या माझ्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवून जायच्या. मी सुरुवात केली निधनाच्या जाहिरातींपासून. काळी चौकट, तीच ती वाक्यं, खाली नातेवाइकांची नावं. नवशिक्याला याहून सोपं जर्मन नाही.

तुझ्या मुलीच्या शाळेचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. इथे चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. २०११ मध्ये शाळेची शिफारस बंधनकारक होती. माझा मुलगा गणितात वर्गात पुढे, जर्मनमध्ये मागे. म्हणून गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) नाही, रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली शाळा). ‘तिकडे तो आनंदात राहील,’ बाई म्हणाल्या. वाक्य कळलं, पण उलट बोलायला शब्द नव्हते. मान डोलावून घरी आले. त्याच हिवाळ्यात आजींच्या पेपरात बातमी: पुढच्या वर्षापासून ही सक्ती रद्द. शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. ‘फेरबिंडलिश’ म्हणजे बंधनकारक, हा शब्द मी असा शिकले. आता नियम पुन्हा कडक झालेत, तेव्हा तिचं जर्मन पुण्यातच सुरू कर.

एकटेपणा? असतो. नोव्हेंबरात जास्त. कुकर लावायचा.

मुलगा आता पंचविशीचा आहे, नोकरी उत्तम. त्याला त्यातलं काही आठवतसुद्धा नाही म्हणतो. त्या बातमीचं कात्रण अजून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे.