औट म्हणजे किती? आणि औटकीचं आज काय करायचं?

इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका मराठी बाईंचा प्रश्न आहे. घरी आजी ‘औट घटकेचं राज्य’ म्हणायच्या, आजोबांना औटकी तोंडपाठ होती. तर औट म्हणजे नेमकं किती, आणि असल्या पाढ्यांचा आज वर्गात काही उपयोग आहे का?

औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची, तेव्हा औट घटकेचं राज्य ८४ मिनिटांत आटोपतं. औटकी हा साडेतीनचा पाढा: दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही त्याचीच भावंडं.

खरी गंमत शब्दाच्या घडणीत आहे. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, आणि झिजत झिजत औट. तीन पुरे, चौथा निम्मा. अडीचही तसंच, ‘अर्धतृतीय’: तिसरा निम्मा. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’वरून आलं, अर्ध्यासकट. म्हणजे साडेतीन म्हणणारा तिनात अर्धा मिळवतो आणि औट म्हणणारा चौथ्याच्या अर्ध्यावर थांबतो. पाऊण तर उघड वजाबाकी आहे: पाद ऊन, पाव उणा. एकोणीस, एकोणतीस यांतही हाच ‘ऊन’ लपलाय. पावणेदोन लिहायला सांगितलं की काही मुलं दोन पूर्णांक तीन चतुर्थांश लिहितात. त्यांना हा ‘उणा’ दाखवा, संख्यारेषेवर दोनपासून पाव मागे यायला लावा. नियम घोकून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तुमचा वर्ग हिंदी आहे म्हणून बिचकू नका. सवैया, ड्योढ़ा, ढैया हे हिंदीतले पाढे, आणि आपल्या औटकीला तिथे हूँठा म्हणतात. नमकीनच्या दुकानात ‘डेढ़ पाव सेव’ मागितली की ३७५ ग्रॅम मिळते, हे इंदूरच्या पोराला सांगावं लागत नाही. तेच पोर वहीत दीड गुणिले एक चतुर्थांश दिसलं की अडतं. धडा त्या शेवेपासूनच सुरू करावा.

व्यवहारातल्या अशा गणिताच्या अभ्यासाला ‘एथ्नोमॅथेमॅटिक्स’ म्हणतात. मी लोकगणित म्हणतो. ब्राझीलचे उबिरातान द’आंब्रोसियो यांनी ते नाव रूढ केलं आणि १९८४ साली अ‍ॅडलेडच्या आंतरराष्ट्रीय गणितशिक्षण परिषदेत हा विचार मांडला. ‘वैदिक गणिता’शी मात्र त्याची गल्लत नको. तिथे झटपट आकडेमोडीच्या युक्त्या असतात. इथे माणसं काय मोजत होती आणि तसंच का, हा प्रश्न असतो. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर असताना पाव-निम्मं सतत लागे, म्हणून ते पाढे होते. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे किलो-ग्रॅम आले, आणि त्यांची निकड संपली. म्हणून अख्खी औटकी पाठ करून घ्या असं मी म्हणणार नाही.

त्याऐवजी ‘औट हात देह’ वर्गात तपासून बघा. प्रत्येकाने आपली उंची आपल्याच हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दोरीने मोजायची. बहुतेकांचं उत्तर साडेतीन ते चारच्या दरम्यान येईल. मूठ मिटून मोजलं तर? उंच मुलाचा आणि बुटक्या मुलीचा आकडा इतका जवळ का? गुणोत्तर इथूनच शिकवायला घेता येईल.