कॉन्टॅक्ट लेन्स नवीन आहेत ना? मग पाणी लांब ठेव

पहिल्या आठवड्यात लेन्स घालायला वीस मिनिटं लागली तरी घाबरू नकोस, हात बसतो. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघ. वाटीसारखी दिसली तर सुलटी, काठ बशीसारखे बाहेर पसरले तर उलटी.

माझा खरा आग्रह पाण्याबाबत आहे. नळाचं असो की फिल्टरचं, लेन्सला पाणी लावायचंच नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, शिरला तर नजरही जाऊ शकते. म्हणून हात साबणानं धुऊन, पुसून कोरडे केल्यावरच लेन्सला हात लाव. आंघोळ, पोहणं, रंगपंचमी, सगळं लेन्स काढून. लेन्सच्या डबीतलं सोल्यूशन, म्हणजे लेन्स भिजवायचं औषधी द्रव, रोज ओतून टाक, जुन्यात नवीन भर घालू नकोस. डबी दर ३ महिन्यांनी बदल.

मी एकदा रात्रीच्या एसटीत लेन्ससकट झोपले. सकाळी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. आठवडाभर थेंब घालावे लागले. तेव्हापासून चष्मा आणि डबी पर्समध्ये असतातच. स्कूटरवर धुळीसाठी साधा गॉगल लाव. आणि डोळा दुखायला लागला, लाल झाला, तर लेन्स काढ आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.